न मागितलेली चिंच

घरात माझ्यावर पहिल्यांदा संशय घेतला तो माझ्या अकरा वर्षांच्या नातीनं. गेल्या उन्हाळ्यात सई परभणीतल्या एका समर कॅम्पला जात होती. तिथं पोरांना सांगितलं होतं, की आजी-आजोबांची एखादी जुनी वस्तू आणा आणि तिची गोष्ट सगळ्यांपुढं सांगा. मी दुपारी कूलरसमोर पडलो होतो. उठून पाहतो तो माझी पत्र्याची ट्रंक खोलीच्या मधोमध ओढलेली आणि सई तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. फरशीवर मांडलेल्या वस्तू मी दारातूनच ओळखल्या. गळ्यात बांधायचा पिवळा पडलेला रुमाल, शिबिराचा गंजलेला बिल्ला, आंब्याखाली बसलेल्या पोरांचा एकत्र फोटो. आणि पितळी झाकणाचं होकायंत्र. ते तिनं तळहातावर धरलं होतं आणि स्वतः गोल गोल फिरत होती.

"आबा, हे कुणाचं?"

"माझं."

"लहानपणी तुमच्याकडं असलं होतं?"

"शिबिरात मिळालं. बक्षीस."

ती फिरायची थांबली. "बक्षीस आहे तर नाव कसं नाही कोरलेलं? बाबांच्या सगळ्या कपांवर नाव आहे."

त्या काळी कोरत नसत, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. पोरांना खोटं कळतं, फक्त त्याचं काय करायचं ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझी गोष्ट कॅम्पात सांगितली, टाळ्या मिळवल्या आणि घरी येऊन माझ्या गळ्यात पडली. "आबा, सगळ्यांना तुम्ही लय आवडलात." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. साठ वर्षं जे खोटं मी एकटा सांभाळत आलो, ते आता एका लेकराच्या तोंडून बाहेर पडलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून माझ्या आठवणींच्या पुस्तकात हे प्रकरण लिहितो आहे. छापायच्या आधी ते सईला वाचायला देणार आहे. तिनं काय विचारायचं ते विचारावं.

ते यंत्र मी का घेतलं हे आधी सांगतो. आमचं घर पाथरीच्या बाजूच्या एका खेड्यात, माळवदाचं. जमीन बरी, बैलजोड्या दोन, घरात माणसं भरपूर. स्वयंपाकघर मात्र अंधारं. आई लग्न होऊन आल्यापासून धुरात डोळे चोळत भाकरी करायची. शेवटी तिनं वडलांना गळ घातली आणि भिंत फोडून एक लहान दार काढून घेतलं. दार निघालं आणि त्याच पौषात माझी धाकटी बहीण शांता तापानं गेली. तीन वर्षांची होती. बाराव्याला आलेली आत्या दारापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "दक्षिणेकडं तोंड करून दार काढलंय. लेकरू जाईल न्हाई तर काय व्हईल?" आई म्हणाली, दार पूर्वेला आहे. खरं तर ते दोन्ही दिशांच्या मधे कुठंतरी तिरकं होतं. थंडीत सकाळचं ऊन सरळ चुलीपर्यंत यायचं, तेव्हा आई काही न बोलता उन्हात परात ठेवायची. चैत्र आला तसा सूर्य सरकला, ऊन उंबऱ्यावरच अडायला लागलं, तेव्हा आत्याही काही न बोलता उंबऱ्याच्या आत सावलीत तांब्या ठेवायला लागली. बाराव्याला आलेली आत्या मग आमच्याकडंच राहिली होती. घरातलं सगळं बोलणं असं भांड्यांनी व्हायला लागलं. जात्यावर आई गायची ते बंद झालं, नुसती घरघर ऐकू यायची. भाकरी थापायचा तो छान लयीतला आवाज, तोही तिनं कमी केला. जणू कुणी ऐकलं तर त्यावरूनही काही काढील. वडील जेवायला बसले, की येसरच्या आमटीची वाटी त्यांच्यापुढं सरकवून ती दाराकडं पाठ करून उभी राहायची. मी बारा वर्षांचा होतो. मला एवढंच वाटायचं, की दार कुठल्या दिशेला आहे हे कुणीतरी नक्की सांगितलं पाहिजे.

त्याच उन्हाळ्यात मी शिबिराला गेलो. पेडगावच्या पुढं एका मळ्यात आंब्यांची राई होती, तिथं पंधरा दिवस मुक्काम. आईनं धडप्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. शिबिर चालवणारे गुरुजी परभणीचे. खादीचा सदरा, पायात टायरच्या चपला, आवाज असा की राईच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. सकाळी शिट्टी, प्रार्थना, मग सुशीला. मुरमुरे भिजवून, मिरची-शेंगदाणे घालून किसनमामा आचारी जी सुशीला करायचे, तशी मला पुन्हा कुठं मिळाली नाही. मग ऊन चढेपर्यंत बांधाला दगड रचायचं काम, दुपारी भाकरी आणि झोप, संध्याकाळी खेळ आणि गुरुजींचं बोलणं. भूत नसतं, करणी नसते, मांजर आडवं गेल्यानं काही होत नसतं. हे ते इतकं छान सांगायचे, की आम्ही हसून हसून लोळायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी होकायंत्र दाखवलं. "पोरांनो, माणूस खोटं बोलेल, हा काटा बोलणार नाही." मला दुसरं काही ऐकू आलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढं आमचं दार उभं राहिलं.

शिबिरात माझी दोस्ती जमली निवृत्तीशी. त्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्यात परत यायचे. तो त्यांच्याबरोबर फडाजवळ कोपीवर, पाचटाच्या झोपडीत राहायचा, त्यामुळं त्याची शाळा दर वर्षी अर्धीच व्हायची. तरी पाढे त्याला तिसापर्यंत येत आणि दगड तर असा बसवायचा की गुरुजी दुसऱ्या पोरांना बोलावून दाखवत. गुरुजी दर शिबिरातून एका पोराला परभणीला नेत, आपल्या ओळखीच्या वसतिगृहात ठेवत, शिकवत. या वर्षी निवृत्ती जाणार हे ठरल्यासारखंच होतं. तो रात्रंदिवस तेच बोलायचा. "परभणीत म्हनं नळाला पानी येतं. अन् वर्षभर एकच शाळा!" त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ दत्ता आलेला होता. दोघांची घरं एका भिंतीची. दत्ता खादाड, खोडकर, कुणाच्याही हातातलं मागून खाणारा. निवृत्तीच्या खिशात चिंचेच्या गोळ्या असायच्या, मीठ-मिरची-गूळ घालून त्याच्या आईनं वळलेल्या. त्यातल्या निम्म्या दत्तानंच संपवल्या.

दहाव्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना गुरुजींची झोळी फांदीला टांगलेली होती. मी हात घातला, यंत्र काढलं आणि रचलेल्या बांधाच्या दगडांत मागच्या बाजूला सरकवून दिलं. माझा बेत साधा होता. शिबिर संपल्यावर घरी न्यायचं, दार मोजायचं आणि पुढं कधीतरी परत करायचं. कसं परत करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. परत येऊन पडलो तेव्हा माझ्या बाजूला दत्ताची कूस बदललेली दिसली. त्याचे डोळे मिटलेले होते. ते खरंच मिटलेले होते का, हे मला आजपर्यंत सांगता येणार नाही.

संध्याकाळी बोंब झाली आणि त्या राईतलं सगळं बदललं. आदल्या दिवसापर्यंत एकमेकांच्या ताटात जेवणारी पोरं आपापल्या गाठोड्याला वेगळी गाठ मारायला लागली, म्हणजे कुणी सोडली तर कळावं. तांब्या घेऊन कुणी नदीकडं निघाला की दोघंजण उगाच मागं जायचे. प्रार्थनेला डोळे मिटायचे, पण गाणं अडखळायचं, कारण प्रत्येकजण किलकिल्या डोळ्यांनी शेजारच्याकडं पाहत असायचा. पाथरीची पोरं म्हणायची परभणीच्या पोरांनी घेतलं, परभणीची म्हणायची मळ्यातल्या गड्यानं. मी सगळ्यांत मोठ्यानं संशय घेत होतो. आणि मनातून मला संशय होता तो दत्ताचा, की यानं मला पाहिलं आहे. तो माझ्याकडं बघून हसला तरी मी तोंड फिरवायचो. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी किसनमामा गुरुजींना म्हणाले, "गुर्जी, तुमच्या भाषणानं चोर सापडत नसतो. तांदूळ चारा पोरायला. आमच्याकडं हेच करतेत. ज्यानं घेतलं त्याचं तोंड कोरडं पडतं, तांदळाचं पीठ बाहेर येतं. इमानदाराच्या तोंडात भिजतो." आम्हाला वाटलं, गुरुजी आता त्यांना झाडतील. गुरुजींनी फांदीला टांगलेल्या झोळीकडं पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी." भूत नसतं सांगणारा माणूस तो. पण त्यालाही आमच्या डोळ्यांत पाहवेनासं झालं असावं. मी त्यांना दोष देत नाही. तेवढा माझा अधिकार राहिलेला नाही.

सकाळी शिट्टीच्या आधीच मी उठून बसलो होतो. जीभ टाळूला चिकटलेली. निवृत्ती किसनमामांसाठी विहिरीवरून पाण्याच्या घागरी भरून परत आला, माझ्याशेजारी बसला. दत्ता मागून आला आणि सवयीनं हात पुढं केला. "चिंच हाय का? दे की बे." निवृत्तीनं खिसा उलटा केला. दोनच गोळ्या उरल्या होत्या. एक त्यानं दत्ताला दिली. मग माझ्याकडं पाहिलं.

"सुदाम, थरथरायलास कामून?"

"थंडी वाजायलीय."

"येड्या, मे महिन्यात?" तो हसला आणि दुसरी गोळी माझ्या हातावर ठेवली. "घे. गालात धर. भ्यालेल्याचं बी तोंड कोरडं पडत असंल, उगं तुझ्यावर यायचं."

"अन् तुला?"

"मला कशाला? मी घेतलंच न्हाई."

रांगेत उभे राहिलो. किसनमामा काहीतरी पुटपुटत प्रत्येकाच्या हातावर कोरड्या तांदळाची मूठ ठेवत गेले. शंभर आकडे होईपर्यंत चावायचं आणि पळसाच्या पानावर थुंकायचं. गुरुजी आमच्याकडं पाठ करून झेंड्याच्या काठीपाशी उभे होते. चिंचेनं माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं, की तांदूळ खिरीसारखा बाहेर आला. दत्ताचाही तसाच. बऱ्याच पोरांचा अर्धाकच्चा. आणि निवृत्तीच्या पानावर पांढरं कोरडं पीठ पडलं, इतकं कोरडं की वाऱ्यानं थोडं उडालं. त्यानं ते पीठ पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडं पाहिलं, मग परत पिठाकडं. त्या क्षणी तो काय विचार करत होता ते मला फार उशिरा कळलं. आणि त्याचंच तोंड का कोरडं पडलं तेही: त्या रांगेत गमावायला काही होतं ते त्याच्याच एकट्याकडं होतं, परभणीची शाळा.

त्याचं गाठोडं उचकलं, काही निघालं नाही. गुरुजींनी दत्ताला विचारलं, "तुझा भाऊ ना हा? काय सांगतोस?" दत्ता रडायला लागला, एक शब्द बोलला नाही. मला कुणी काही विचारलं नाही. त्याच सकाळी निवृत्ती गाठोडं डोक्यावर घेऊन पेडगावच्या रस्त्याला लागला, एकटा. त्यानं मागं वळून पाहिलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही खरं वाटत नाही. त्या वर्षी गुरुजींनी कुणालाच परभणीला नेलं नाही. शेवटच्या दिवशी फोटो निघाला. त्यात मी दुसऱ्या रांगेत आहे, छाती काढून.

घरी गेल्यावर आत्या देवळात गेलेली पाहून मी उंबऱ्यावर यंत्र ठेवलं. काटा थांबला. दार पूर्वेच्या बाजूला होतं, दक्षिणेपेक्षा पूर्वेला बरंच जवळ. आईच खरी होती. ती चुलीपाशी बसलेली होती, चार हातांवर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तुला कसं कळलं, हे तिनं विचारलं असतं. पुढच्या वर्षी वडलांनी ते दार बुजवलं. आईनं स्वतः माती मळून दिली.

मी पुढं शिकलो, परभणीत नोकरी केली, घर बांधलं. सईच्या टाळ्यांनंतर आठवड्यानं पाथरीची एसटी धरली आणि तिथून जीपनं निवृत्तीच्या गावी उतरलो. घर लगेच सापडलं. त्याचा मुलगा ओट्यावर आला आणि उभ्यानंच विचारलं, "कोन पायजे? सर्व्हेवाले का?" शिबिर वगैरे सांगितलं तरी तो दारातून हलेना. आतून निवृत्ती आला. पाठीत वाकलेला, पण डोळे तेच. मी नाव सांगितलं. तो "ओळखलं" म्हणाला, बाज टाकली, आणि मग म्हणाला, "बसा. काय काम काढलं? इतक्या सालानं मानूस येतो म्हंजे त्याला कायतरी पायजे असतं. सही पायजे का कशावर?"

मी होकायंत्र बाजेवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. त्यानं यंत्राला हात लावला नाही. तो शिव्या देईल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी तशी तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "न्हाई. तुमी न्हाई घेतलं."

"मीच घेतलं, निवृत्ती."

"दत्त्यानं घेतलं. त्यानं चिंच मागून घेतली होती. ज्याला भ्या असतं तोच मागतो. तुमी कुठं मागितली? तुमाला तर मी दिली." हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं, की कळलं, हा हिशोब त्यानं बारा वर्षांचा असतानाच, त्या पेडगावच्या रस्त्यावर, करून ठेवलेला आहे. "अन् गुर्जीनं इचारलं तर गप बसला. चोर होता म्हून गप बसला."

"त्याला नुसती चिंच आवडायची."

 ओट्याच्या पलीकडं, त्याच भिंतीला लागून, दुसरं घर होतं. त्याचं दार इतकं जवळ की इथून बोललेलं तिथं ऐकू जावं. निवृत्तीनं एकदा तिकडं पाहिलं. "एका भिंतीत राहिलो आमी," तो म्हणाला. "जल्मभर बोललो न्हाई. त्याच्या पोरीच्या लग्नाला माझ्या घरचं एक मानूस गेलं न्हाई. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. माती इथून, माझ्या दारावरून नेली. मी आत बसून होतो, कडी लावून." मग त्याचा आवाज चढला आणि 'तुमी' गळून पडलं. "तवा कुठं होतास तू? अं? आता कामून आलास? आता मी ह्याचं काय करू?"

 मी हलकं व्हायला आलो होतो. आणि त्याच्या डोक्यावर, या वयात, आणखी एक ओझं ठेवलं होतं. परत जीपच्या रस्त्याला लागावं असं वाटून मी उठलो. त्यानं माझं मनगट धरलं. दगड बसवणाऱ्याचा हात, अजून तसाच. "कुठं निघालास? चल. तिच्यापुढं सांग."

दत्ताची बायको गयाबाई अंगणात बाजेवर धुतलेलं लुगडं पसरून वाळवणाच्या खारोड्या घालत होती. बाजरीच्या ओल्या गोळ्यांच्या दोन रांगा झालेल्या, तिसरी चाललेली. निवृत्तीला आपल्या अंगणात पाहून तिचा हात थांबला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. निवृत्ती तिच्याकडं न बघता मला म्हणाला, "सांग. जसं मला सांगितलंस तसं."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते लहान झालं, चार-पाच वाक्यांतच संपलं. गयाबाईनं ऐकून घेतलं. चोर कोण होता याचं तिला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. ती बोलली ते निवृत्तीशी. "भावजी, जाताना दोन दिवस तेच चाललं होतं त्यायचं. निवृत्ती आलता का? मी म्हनायचे, आलते, तुमी झोपले होतेव." तिनं पिठाचा हात पाण्यात बुडवला. "मी खोटं बोलले."

निवृत्ती मटकन खाली बसला, उन्हातच. डोक्यावरचा पटका काढून त्यानं तोंडावर धरला.  गयाबाई उठली. त्याच्यापाशी जाऊन क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "उनात नका बसू. आत या."

तो उठला, उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि तिच्या मागं आत गेला. मला कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.  थोड्या वेळानं कुठूनशी एक कोंबडी आली आणि बाजेवर मान लांब करून ओल्या खारोड्यांकडं बघायला लागली. मी तिला हाकललं. ती परत आली. मग मी बाजेच्या कडेला, सावली होती तेवढ्यात, टेकलो आणि आतून कुणी येईपर्यंत खारोड्या राखत बसलो.